माघारीच्या वाटेवरची माणसं

आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एक म्हातारे जर्मन इंजिनिअर एकटेच राहायचे. शारजाच्या अल नहदा भागात तेव्हा टॉवर कमी आणि मोकळी वाळू जास्त होती, आणि तिथे राहणारे आम्ही सगळे मुंबई-पुण्याचे, केरळचे नाहीतर पाकिस्तानचे. जर्मन माणूस शारजात कशाला राहील, असं सगळ्यांना वाटायचं. दुबईत त्यांना मोठा बंगला परवडला असता. पण ते म्हणायचे, मला एक झोपायची खोली लागते आणि एक कामाची, बंगला घेऊन काय करू?

ते माझ्या नवऱ्याच्याच ऑफिसात होते. इमारतीच्या पायाखालची माती कशी आहे, ती किती भार घेईल, हे बघायचं त्यांचं काम. डोळ्यांत काहीतरी दुखणं सुरू झालं आणि त्यांनी गाडी चालवणं आपणहून सोडलं. तेव्हापासून सकाळी आमच्या गाडीतून ते दोघं दुबईला जायचे. बॉर्डरच्या ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास शेजारी बसून दोघांची चांगलीच गट्टी जमली. घरी आल्यावर नवरा सांगायचा, "आज म्हातारा खुशीत होता हं, दोन वेळा हबीबी म्हणाला मला."

त्यांना मी फराळाला बोलावलं त्या दिवाळीत आमच्या बाल्कनीत किल्ला होता. माझी मुलगी तिथेच वाढलेली, दुसरीत होती. पुण्याहून येताना मी मातीचे मावळे मोज्यांत गुंडाळून आणलेले. चकलीची बशी हातात धरून ते बाल्कनीत गेले आणि थेट गुडघ्यांवर बसले. किल्ल्याच्या पायथ्याशी नवऱ्याने दोन विटांच्या मधे एक खिंड केली होती आणि तिच्यात पाच-सहा मावळे उभे केले होते. बाकीचे वरच्या दिशेला पळत होते.

"हे कोण? आणि हे का थांबलेत?" त्यांनी विचारलं. आमचं बोलणं इंग्रजीतच चालायचं.

नवऱ्याने त्यांना पावनखिंडीची गोष्ट सांगितली. महाराज पुढे गेले, मागच्यांनी खिंड अडवून धरली, गडावरून तोफा ऐकू येईपर्यंत लढत राहिले.

"साल?"

"सोळाशे साठ."

ते त्या खिंडीतल्या मावळ्यांकडे वाकून बघत राहिले. मग उठताना गुडघा चोळत म्हणाले, "शुक्रवारी सुट्टीच आहे, सकाळी वर या. सगळे या. मला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

त्यांची कामाची खोली म्हणजे आमच्याकडे जी मास्टर बेडरूम होती ती. पलंग नाही, कपाट नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत एक टेबल, आणि त्या टेबलावर एक अख्खा देश. हिरवी कुरणं, दलदल, मातीचे रस्ते, वार्निश ओतून चमकवलेली एक रुंद नदी. रस्त्यांवर बोटाच्या पेराएवढे शिशाचे शिपाई, शेकडोंनी. कुणाच्या खांद्यावर लांब भाले, कुणी घोड्यावर, तोफा ओढणारे बैल. मुलगी "ओ माय गॉड" म्हणाली आणि तिने दोन्ही हात मागे बांधून घेतले, चुकून कशाला लागू नयेत म्हणून.

हे स्वीडिश सैन्य, त्यांनी सांगायला घेतलं. जर्मनीत तीस वर्षं जी लढाई चालली तिच्यातलं. साल सोळाशे सदतीस, उन्हाळा. सम्राटाचं मोठं सैन्य अंगावर आलं म्हणून हे लोक मध्य जर्मनीतून उत्तरेला, समुद्राकडे, आपल्या लोकांकडे निघाले. पळाले नाहीत. मागची तुकडी वळून लढायची, तेवढ्यात पुढचे चालायचे, मग ती मागे यायची आणि दुसरी उभी राहायची. असं करत करत ते ओडर नदी ओलांडून पूर्वेला आले, आणि बघतात तर शत्रू आधीच पुढे येऊन बसलेला. मागे शत्रू, पुढे शत्रू, उजवीकडे पोलंड, आणि पोलंडमध्ये शिरलं तर नवीन भांडण.

"मग?" नवरा टेबलावर वाकलेला.

"मग सेनापतीने सामानाच्या गाड्या पोलंडच्या रस्त्याला लावल्या. सोबत स्वतःची बायकोसुद्धा पाठवली, असं सांगतात. शत्रूला वाटलं, बायको तिकडे निघाली म्हणजे सगळं सैन्य तिकडेच जाणार. तो रस्ता अडवायला शत्रू धावला. आणि हा रातोरात मागे फिरून नदीतून पार झाला. खलास!" त्यांनी टाळी वाजवली.

नवऱ्यानेही टाळी वाजवली. मी त्या पोलंडच्या रस्त्याकडे बघत होते. रस्त्यावर गाड्यांची रांग होती. कापडाची छपरं, चाकांना चिखल, सगळं सुरेख. पण एकाही गाडीत माणूस नव्हतं.

"या गाड्यांत कोण होतं?" मी विचारलं.

"शिपायांच्या बायका, मुलं. त्या काळी सैन्यामागे सैन्याएवढीच माणसं चालायची. पण कंपन्या शिपाईच बनवतात, मॅडम. बायका कोण विकत घेणार?"

"आणि त्यांना माहीत होतं?"

"काय?"

"की शत्रूने आपल्या मागे यावं म्हणून आपल्याला पाठवताहेत. त्या बायकोला तरी माहीत होतं का?"

ते चष्मा काढून पुसायला लागले. "पुस्तकांत तसं काही लिहिलेलं नाही."

"म्हणजे कुणी विचारलंच नाही."

"मॅडम, त्या गाड्याही नंतर सुखरूप परत आल्या असं म्हणतात. सैन्य वाचलं."

"सैन्य वाचलं हो. मी गाड्यांचं विचारतेय. त्यांना निघताना ठाऊक नव्हतं ना, की आपण सुखरूप राहणार आहोत?"

त्यांचा चेहरा एकदम बंद झाला. दार ओढून घेतल्यासारखा. ते म्हणाले, कॉफी थंड होतेय. कॉफी पिऊन आम्ही निघालो. लिफ्टमध्ये नवरा म्हणाला, "अगं, त्या माणसाने पंधरा वर्षं घालवली आहेत त्या टेबलावर. आणि तू पहिल्या भेटीत कोर्टात उभं केल्यासारखं..."

"मी साधा प्रश्न विचारला, अहो."

"तुझा साधा प्रश्न मला माहीत आहे."

पुढचा आठवडा गाडीत हवापाण्याशिवाय काही बोलणं झालं नाही म्हणे. मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात ते उभे, हातात बुटांचं खोकं. खोक्यात त्या रिकाम्या गाड्यांपैकी चार होत्या.

"मला आता शिपाईसुद्धा रंगवता येत नाहीत," ते म्हणाले. "नाक कुठे आणि डोळा कुठे, दिसत नाही. बायका तर मी कधीच केल्या नाहीत. तुमचे मिस्टर म्हणाले, तुम्ही दरवर्षी घरचा गणपती हाताने करता. या गाड्यांतली माणसं कराल?"

पुण्यात मी शाळेत चित्रकला शिकवायचे. इथे व्हिसावर हाउसवाइफ असा शिक्का. शाडू मातीची एक पिशवी दर वर्षी सामानातून यायची, तिचा गणपती व्हायचा, आणि मग वर्षभर हात गप्प. मी त्यांच्या हातातून खोकं घेतलं. कराल का, याला हो सुद्धा म्हणाले नाही, आत या म्हटलं.

एवढ्या बारीक कामाला शाडू टिकेना. हार्डवेअरच्या दुकानात नळाची गळती बुजवायची पुट्टी मिळायची, दोन कांड्या एकत्र मळायच्या, तिने जमलं. तारेचा सांगाडा, वर पुट्टी, टाचणीने सुरकुत्या. पण बसले आणि लक्षात आलं, मला त्या बायका दिसतच नव्हत्या. सतराव्या शतकातली जर्मन बाई पळताना काय घेते, मला काय माहीत? ती डोक्यावर काय घेते, कमरेला काय बांधते?

मग मी ताईला फोन लावला. माझी मोठी बहीण कुवेतला होती. नव्वद साली इराकचं सैन्य शिरलं तेव्हा ती दोन मुलांना घेऊन बगदादवरून जॉर्डनपर्यंत बसने गेली होती आणि तिथून विमानाने मुंबईला. त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली होती. तिने ते कधी नीट सांगितलं नव्हतं आणि आम्हीही, आली ना सुखरूप, म्हणून विषय संपवलेला.

"ताई, तू निघताना बरोबर काय घेतलं होतंस?"

"हे काय मधेच?" ती हसली. मग थांबून म्हणाली, "कुकर. मुलांची सर्टिफिकेटं. एक उशी. आणि दोरीवरचे ओले कपडे."

"ओले का?"

"सुकायला वेळ कुठे होता?"

मग ती बोलतच राहिली. वाळवंटातल्या छावणीत पाण्याच्या रांगेत कोण कसं उभं राहायचं, एक म्हातारी पिंजऱ्यात पोपट घेऊन आलेली आणि लोक आधी तिच्यावर चिडले आणि मग आपल्या वाटणीतलं पाणी पोपटाला देऊ लागले. भावोजी मागे राहिले होते, ते जिवंत आहेत की नाही हेही ठाऊक नव्हतं. मी रिसीव्हर कानाला लावून कागदावर नुसती चित्रं काढत गेले.

त्यानंतर माझा हात चालायला लागला. खांद्यावर ओलं धुणं टाकलेली बाई केली. कढई पोटाशी धरलेली एक. पिंजरा घेतलेली म्हातारी केली, पोपटाऐवजी कोंबडी घातली. कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात स्वतःचे बूट घेतलेली एक केली. शुक्रवारी सकाळी मी वर जायचे, मुलगीही यायची. ती झाडं चिकटवायची, मी माणसं रंगवायचे, ते खुर्चीत बसून रंग कुठले ते सांगायचे. लाल नको, लाल महाग होता. मातकट, राखाडी, फार तर निळा. नवरा पराठे घेऊन वर यायचा आणि दारातून ओरडायचा, "यल्ला, चला जेवायला!"

टेबलावर एक गाव होतं, पोलंडच्या रस्त्यालाच. बाकीची गावं म्हणजे चार खोकी आणि लाल छपरं. या गावाला मात्र वाकड्या टोकाचं चर्च होतं, आणि एका घराला हिरवं फाटक, अंगणात हातपंप, पंपाजवळ बाक, मागे नाशपातीचं झाड. मी एकदा विचारलं, हे एवढं बारकाईने का? ते म्हणाले, "ते तिथे तसंच होतं." सोळाशे सदतीस साली कुणाच्या अंगणात बाक होतं हे यांना कसं कळलं, असं मनात आलं, पण मी विचारलं नाही. एकदा विचारून बघितलं होतंच.

एका शुक्रवारी मी नवीन तीन माणसं घेऊन गेले. तोवर त्यांची नजर बरीच गेली होती. मी माणूस त्यांच्या तळहातावर ठेवायचे आणि ते बोटाच्या टोकाने चाचपून ओळखायचे. दोन ओळखली. तिसऱ्यावर बोट थांबलं.

"ही काय करतेय?"

"मुलाला उचलून गाडीत चढवतेय."

"आणि ती स्वतः चढणार आहे?"

मी तो विचारच केला नव्हता. "तुम्ही सांगा," मी म्हटलं.

त्यांनी ती बाई हलकेच टेबलाच्या कडेला ठेवली. मग मुलीकडे वळून म्हणाले, खाली जाऊन बाबांना विचार, किती वाजले. ती "बट देअर इज अ क्लॉक हिअर" म्हणत गेली.

ती गेल्यावर त्यांनी सांगितलं. ते गाव त्यांचं होतं. ओडरच्या पूर्वेला. पंचेचाळीसच्या हिवाळ्यात रशियन सैन्य येतंय म्हणून सगळं गाव पश्चिमेला निघालं. ते तेव्हा नऊ वर्षांचे. वडील आधीच युद्धात गेलेले. आजी अंथरुणाला खिळलेली. आईने त्यांना शेजाऱ्यांच्या गाडीत बसवलं, पायांवर घोंगडी टाकली आणि म्हणाली, मी मागून येते. ते वळणापर्यंत मागे बघत होते. आई फाटकाशी उभी होती, पण गाडीकडे बघत नव्हती. पंपाकडे तोंड करून उभी होती.

"दोन वर्षांनी सापडलो एकमेकांना," ते म्हणाले. "आजी गेली होती. गाव पोलंडच्या वाट्याला गेलं होतं, आईला तिथून हाकलून दिलं होतं. ती आली, मला जवळ घ्यायला लागली, आणि मी हात झटकला. अकरा वर्षांचा मुलगा. मला वाटत होतं, हिने आजी निवडली आणि मला रस्त्याला लावलं. येते म्हणाली, तेव्हा तिला माहीत होतं, ती येणार नव्हती."

"नंतर कधी विचारलंत?"

"नाही. नंतर सगळं व्यवस्थित होतं. नाताळला जायचो. पत्रं लिहायचो. ती गेली तेव्हा मी अबू धाबीला साइटवर होतो." ते माझ्या दिशेला वळले. "तुम्ही त्या दिवशी विचारलंत ना, गाडीतल्यांना माहीत होतं का. मला फार राग आला तुमचा. गाडीतल्याला माहीत नव्हतं, मॅडम. तेवढं मी सांगू शकतो."

मी उठून चहा केला. त्यांच्या स्वयंपाकघरात दूध नव्हतं, कोराच केला. कप त्यांच्या हातात देताना ताईने त्या दिवशी फोनवर शेवटी सांगितलेलं मला आठवलं, आणि ते यांना सांगावं की नाही याचा फार विचार न करता मी सांगून टाकलं.

पहिल्या बसमध्ये जागा नव्हती. शेजारचं एक केरळी कुटुंब म्हणालं, एक मूल आमच्या मांडीवर बसेल. ताईने मोठ्या मुलाला त्यांच्याबरोबर चढवलं आणि धाकटीला घेऊन मागच्या बसची वाट बघत राहिली. छावणीत काही दिवसांनी भेट झाली. पण त्याला चढवताना तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. बस सुटली तेव्हा ती पाठ करून उभी होती. ताई म्हणाली होती, "बघितलं असतं ना, तर खाली उतरवून घेतला असता. मग दोघंही राहिलो असतो."

त्यांनी कप खाली ठेवला. "परत सांगा," म्हणाले.

मी परत सांगितलं. या वेळी ताईचे शब्द आधी मराठीत म्हटले, मग इंग्रजीत. त्यांनी मराठी वाक्यही लक्ष देऊन ऐकलं, काही न कळता. मग ते रडले. आवाज न करता, खुर्चीत ताठ बसून. तेवढ्यात मुलगी धावत वर आली आणि दारातच थबकली. "मम्मा, व्हाय इज ही क्रायिंग?"

"त्यांना त्यांच्या आईची आठवण आली," मी म्हटलं.

ती त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा सेज इट्स ट्वेल्व्ह थर्टी." ते हसले आणि त्यांनी तिचे आभार मानले.

त्यांनी मला आणखी एक बाई करायला सांगितली. गाडीत न चढणारी, नुसती उभी असलेली. मी केली. ती त्यांनी स्वतः लावली, बोटांनी चाचपत. हिरव्या फाटकाशी, पंपाकडे तोंड करून. मुलाला घेऊन जाणारी गाडी थोडी पुढे, वळणावर. मुलीने विचारलं, ही का जात नाही त्यांच्याबरोबर? त्यांनी तिला सांगितलं, "हर मदर इज इन द हाउस. शी कॅनॉट वॉक." मुलीने मान डोलावली. तिला ते पटलं.

पुढच्या वर्षी त्यांचा व्हिसा संपला. ते निवृत्त झाले. टेबल नेणं शक्य नव्हतं. जायच्या आधी एका शुक्रवारी त्यांनी सगळ्या इमारतीला बघायला बोलावलं. वॉचमन आला, दुसऱ्या मजल्यावरच्या पेशावरच्या आजी आल्या, ऑफिसचे लोक आले. पुरुष तोफांभोवती जमले आणि सैन्य नदीपार कसं गेलं ते नवऱ्याने त्यांना समजावलं, हातवारे करून, जणू तोच सेनापती. पेशावरच्या आजी मात्र गाड्यांपाशी थांबल्या. त्या सत्तेचाळीसला लहान होत्या. त्यांनी वाकून एकेक बाई बघितली आणि मला उर्दूत विचारलं, यांच्यापैकी घरी कोण कोण पोहोचलं? मी म्हटलं, ठाऊक नाही, आजी. त्या म्हणाल्या, हो, ते ठाऊक नसतंच.

तो देश नंतर एका शाळेने नेला, चार तुकडे करून. आम्ही त्यांना विमानतळावर सोडलं. जाताना त्यांनी नवऱ्याला मिठी मारली आणि मला म्हणाले, "तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा." मी सांगितला. ताईने विचारलं, कोण ते? मग तिला सगळी हकीकत सांगावी लागली.

दोनेक वर्षांनी, उन्हाळ्यात, त्यांचा फोन आला. पुतणीबरोबर ते त्या गावी गेले होते. आता तिथे पोलंड. चर्च होतं. फाटक दुसऱ्या रंगाचं होतं, असं पुतणीने त्यांना सांगितलं, कारण त्यांना आता फक्त उजेड आणि सावली कळायची. घरात एक म्हातारी राहत होती. आधी तिने दार उघडलंच नाही, जर्मन माणूस घर मागायला आला असं तिला वाटलं. मग तिच्या नातीने मधे पडून इंग्रजीत बोलणं करून दिलं. तीही त्याच साली आलेली, पूर्वेकडून, आपलं गाव सोडून, बैलगाडीतून. आली तेव्हा या घरात चुलीवर भांडं तसंच होतं.

"मग काय बोललात?" मी विचारलं.

"फार नाही. तिने सूप दिलं. मी पंपावर हात फिरवून आलो. तो बंद आहे. मग तिने नातीला विचारायला सांगितलं, इतकी वर्षं हा माणूस कुठे होता? मी म्हटलं, शारजाला." ते हसायला लागले. "मॅडम, त्या दोघींना शारजा कुठे आहे ते समजावायला मला त्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी मी सांगितलं, तिथे वाळू आहे, आणि मराठी लोक आहेत. मग तिने विचारलं, मराठी म्हणजे कोण?"

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"तेच सांगत होतो," ते म्हणाले, "तेवढ्यात तिने आणखी सूप वाढलं."